पेलेल तेवढी ओढ

आमच्या बेळगावात कुणी न झेपणारं काम अंगावर घेतलं, मग ते मुलीचं लग्न असो की घरावरची माडी, की चार माणसं म्हणतात, "शिवधनुष्य उचललास की गा!" त्यात कौतुक अर्धं आणि काळजी अर्धी. लहानपणी कीर्तनात सीतास्वयंवर लागलं की आम्हा पोरांना रामापेक्षा रावणाचीच जास्त वाट असायची. धनुष्य उचलायला गेला आणि तेच छातीवर घेऊन उताणा पडला, हा प्रसंग बुवा असा रंगवून सांगत की देवळातली पोरंटोरं हसून लोळत. पुढं मी पस्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. स्प्रिंगा, तराफे, कप्प्या फळ्यावर काढल्या आणि पुसल्या. पण धनुष्याच्या दोरीचा खरा हिशेब मांडायची वेळ आली ती निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, 2023 साली, आणि तीही अमेरिकेतल्या ओहायओत, लेकीच्या परसात बसून.

लेकीचं घर कोलंबसच्या बाहेर, जिथं शहर संपून मक्याची आणि सोयाबीनची शेतं सुरू होतात अशा सांध्यावर आहे. मागं शेजाऱ्यांच्या मालकीची दहाएक एकर झाडी. लेकीनं परसात हौसेनं वाफे केले होते. वाल, भोपळा, थोडी मेथी. आम्ही दोघं सप्टेंबरात पोचलो आणि त्याच आठवड्यात एका रात्रीत वालाचा वेल छातीइतक्या उंचीपर्यंत साफ झाला. सकाळी मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे. मी बायकोला म्हटलं, "अगो, खानापुरात आल्यासारखं वाटतंय." तिकडं आमच्या भातात डुकरं आणि गवे उतरतात, इथं पांढऱ्या शेपटीची हरणं, एवढाच फरक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायओत ही हरणं जवळजवळ उरलीच नव्हती. मग कायदे झाले, जपणूक झाली, आणि लांडग्यांसारखे त्यांचे वैरी आधीच संपलेले असल्यामुळं ती बेसुमार वाढली. आता ती लोकांच्या बागेत दिसतात आणि मोटारींच्या पुढ्यात येतात. म्हणून तिथलं सरकार परवाना देऊन, हंगाम ठरवून, संख्या नेमून शिकार करू देतं. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो तो फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. बंदुकीचे दिवस मात्र मोजके. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. तेव्हा हे वाचून कुणी माळ्यावरचं काही खाली काढू नये.

शेजारी माझ्याहून एका वर्षानं मोठे, एकाहत्तरचे. आयुष्यभर घरांवर छपरं घालण्याचं काम केलेला माणूस. त्यांनी हात मिळवला की आपली बोटं मोजून घ्यावीत असा पंजा. पण छपरांनी उजवा खांदा खाल्ला होता. मागच्या हिवाळ्यात त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालायचं, फिरायचं, पण धनुष्य ओढायचं नाही. चाळीस वर्षं हा गृहस्थ धनुष्यानंच शिकार करत आलेला. बंदूक त्यांना आवडत नसे. "बंदुकीत जनावर लांब असतं," ते म्हणायचे. "धनुष्यात ते श्वास घेताना दिसतं."

मी विज्ञानाचा शिक्षक होतो हे लेकीनं त्यांना सांगून ठेवलेलं. पहिल्याच संध्याकाळी कॉफीचा मग घेऊन ते आमच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "टीचर, मला एक सांगा. क्रॉसबो घ्यायचं मनात आहे. दीडशे पौंडांची घेऊ की दोनशेची? माझ्या खांद्याला किती फरक पडेल?"

क्रॉसबो मी तोवर चित्रातच पाहिली होती. बंदुकीसारखा दस्ता, त्याच्या टोकाला आडवं बसवलेलं धनुष्य, मध्ये बाणासाठी पन्हळ. दोरी ओढून खटक्यात अडकवायची, आखूड बाण पन्हळीत ठेवायचा, आणि वेळ आली की चाप ओढायचा. जुनं हत्यार आहे. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी होतं, आपल्या निकोबार बेटांवर आणि नागालँडच्या डोंगरांतही होतं. युरोपात तर 1139 साली पोपनं बोलावलेल्या धर्मसभेनं ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती माणसावर ते चालवू नये असा ठराव केला. पाळला कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

उभ्या धनुष्यात आणि यात खरा फरक कोणता, ते शेजाऱ्यांनीच मला समजावलं. उभं धनुष्य ओढून धरावं लागतं. हरिण झाडाआड थांबलं तर तुम्हीही थांबायचं, ताण हातात. चाकांची आधुनिक धनुष्यं आली तेव्हापासून शेवटी ताण हलका होतो, पण ओढायला तर लागतंच. क्रॉसबोत ताण धरून ठेवायचं काम खटका करतो. तुम्ही एकदा ओढलं की सुटलात. म्हणूनच तिचे आकडे मोठे. ओहायओचा कायदा साध्या धनुष्याला किमान 40 पौंडांचा ताण मागतो आणि क्रॉसबोला 75 पौंडांचा. दुकानात मिळतात त्या शिकारीच्या क्रॉसबो मात्र दीडशेच्या पुढं, दोनशेच्याही पुढं.

दोनशे पौंड म्हणजे एक्क्याण्णव किलो. आमच्या लहानपणी क्विंटलचं पोतं हमाल पाठीवर घेत, त्यात नऊ किलो कमी. हे वजन एकदा तरी दोन हातांनी हनुवटीकडं ओढायचं! मी कागदावर आकडा लिहून त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "शनिवारी दुकानात येता का?"

शनिवारी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. पंचेचाळिशीचा, बापासारखाच रुंद, फार न बोलणारा. वाढदिवसाची भेट म्हणून क्रॉसबो तोच घेऊन देणार होता. दुकान आमच्या कित्तूर चन्नम्मा चौकाएवढं असेल. मागच्या बाजूला नेमबाजीची लांब खोली, टोकाला फोमचे ठोकळे. विक्रेत्या पोरानं पहिल्यांदाच भिंतीवरची सगळ्यात काळी, सगळ्यात टोकदार क्रॉसबो काढली. दोनशे पौंड, बाण सेकंदाला चारशे फुटांहून जास्त. मुलाचे डोळे चमकले. "घ्यायची तर हीच घ्या, डॅड. परत घ्यावी लागणार नाही."

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. मी विचारलं, बाणाचं वजन किती? चारशे ग्रेन, म्हणजे सव्वीस ग्रॅम. आमच्या पोस्टाच्या पाकिटापेक्षा थोडं जास्त. बाण बनवणाऱ्यांचं एक कोष्टक भिंतीवर लावलेलं होतं. हरणाएवढ्या जनावराला 25 ते 41 फूट-पौंड ऊर्जा पुरते असं त्यात लिहिलेलं. मी खिशातून पेन काढलं. अर्धा, गुणिले वस्तुमान, गुणिले वेगाचा वर्ग. तीनशे फूट वेगानं जाणाऱ्या त्या बाणात ऐंशी फूट-पौंड निघाले, चारशे फुटांच्या बाणात एकशे बेचाळीस. "ऐंशीसुद्धा दुप्पट होतात," मी म्हटलं. विक्रेता म्हणाला, वेग जास्त तर हरणाला सावरायला वेळ कमी. तेही मांडून पाहिलं. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. एका बाणाला सेकंदाचे तीन दशांश लागतात, दुसऱ्याला सव्वादोन दशांश. आवाज दोघांच्याही आधी पोचतो. सेकंदाच्या पाऊण दशांशासाठी खांदा पणाला लावायचा का, हा प्रश्न मी मनातच ठेवला, कारण मुलगा माझ्याकडं फार प्रेमानं पाहत नव्हता.

आणखी एक गोष्ट मला त्या दुकानात पहिल्यांदा नीट दिसली. बाणाला ऊर्जा मिळते ती नुसत्या ताणातून नव्हे, ताण आणि दोरी जितकी मागं जाते ते अंतर, या दोहोंतून. आलेख काढला तर त्या रेषेखालचं क्षेत्रफळ. साध्या, चाकं नसलेल्या क्रॉसबोत ताण शेवटपर्यंत चढत जातो, त्यामुळं सगळ्यात जड क्षण नेमका शेवटचा, हात दमलेले असताना येतो. चाकांच्या क्रॉसबोत ताण लवकर चढतो, मध्ये टिकतो आणि शेवटाला उतरतो. क्षेत्रफळ जास्त भरतं. म्हणजे दोरीचा प्रवास लांब असला तर कमी पौंडांतही तेवढंच काम होतं. साध्या क्रॉसबोचेही गुण आहेतच. भाग थोडे, दोरी घरी बदलता येते. पण आमच्या माणसाला शेवटचा तो जड क्षण नको होता.

मग दोरीचं साधन आलं. क्रॉसबोच्या तोंडाशी लोखंडी रिकीब असते. तीत पाय रोवायचा, जाड दोरी दस्त्यामागच्या खाचेतून घ्यायची, तिच्यावरचे कप्पी असलेले दोन आकडे धनुष्याच्या दोरीला अडकवायचे आणि मुठी धरून सरळ वर ओढायचं. आमच्या शहापूरच्या घरी आडावर कप्पी आहे. ती स्थिर कप्पी. ओढण्याची दिशा बदलते, भार कमी करत नाही, हे मी पस्तीस वर्षं मुलांच्या डोक्यात भरवलं. इथल्या आकड्यावरची कप्पी दोरीबरोबर हलते. चल कप्पी! भार निम्मा, अंतर दुप्पट. मला इतका आनंद झाला की मी विक्रेत्याला ते समजावून सांगू लागलो. त्या पोरानं फार सभ्यपणे ऐकून घेतलं.

निम्मा झाला तरी एकशे सत्तर पौंडांचे पंच्याऐंशी उरतात. दोन हातांत वाटून हातागणिक एकोणीस किलो. शेजाऱ्यांनी दोनशेची बाजूला ठेवायला लावली, एवढं मात्र माझ्या कागदानं साधलं, पण दोरीनं ओढायची एकशे सत्तरची त्यांनी स्वतः उचलली. पहिल्यांदा ओढली, खटका 'टक्' वाजला. दुसऱ्यांदाही वाजला. मुलगा म्हणाला, "बघा, काही झालं नाही." तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळले, उजवा हात डाव्याच्या मागं राहिला, तरी दोरी अडकली. बाण ठोकळ्यावर चार बोटं बाजूला लागला. ते म्हणाले, दुर्बीण हललीय.

दुर्बीण हललेली नव्हती. दोरी एका बाजूला अंगुळभर जास्त ओढली गेली की बाण सरळ सुटत नाही. म्हणून जाणकार लोक दोरीवर खटक्याच्या दोन्ही बाजूंना रंगाची खूण करून ठेवतात. ओढल्यावर दोन्ही खुणा सारख्या दिसल्या पाहिजेत. मी वाकून पाहिलं, डावी खूण खटक्याशी होती, उजवी पुढं सरकलेली. हे त्यांनाही दिसलं असणार. चाळीस वर्षांचा धनुर्धारी. त्यांनी काहीच म्हटलं नाही. क्रॉसबो टेबलावर ठेवली आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. घालण्याआधी क्षणभर तो दिसला.

तो हात मी पूर्वी पाहिला होता.

1967 सालची गोष्ट. आमचं मूळ गाव खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. अप्पांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी होती. भात पोटरीला आलं की डुकरं उतरत, आणि कायद्यानं तेव्हा ती मारता येत. अप्पांचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला. त्या साली ते साठीला आले होते. थोरल्या भावानं बेळगावात एक हलकी एकनळी बघून ठेवली होती. वजनाला निम्मी, धक्का कमी. अप्पा म्हणाले, "ती पोरांची. खेळायला ठेव गा तूच."

हाकारा ठरला त्या सकाळी अप्पा ओट्यावर दाढी करत होते आणि आरसा मी धरला होता. चौदा वर्षांचा होतो. वस्तरा हनुवटीशी आला आणि हात थरथरला. साबणाच्या फेसात लाल रेघ उमटली. अप्पांनी ती अंगठ्यानं पुसली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. कुणाला सांगितलं नाही, भावालाही नाही. सांगितलं असतं तर भाऊ नळीला हात लावायला निघाला असता, घरात रामायण झालं असतं, आणि ते मी केलं असं ठरलं असतं.

दुपारी डुक्कर रानाबाहेर आलं ते वीस पावलांवर. आंधळ्यानंही मारलं असतं असं लोक नंतर म्हणाले. गोळी मागच्या अंगाला, पोटात लागली. किंचाळून ते कारवीत शिरलं. रक्ताच्या मागावर आम्ही नाल्यापर्यंत गेलो. अंधार पडला, परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. रक्त वाळून काळं झालं होतं आणि नाल्याच्या दगडांवर माग संपला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापलीकडं गिधाडं उतरताना दिसली. अप्पा अंगणात उभे राहून बघत होते. दोन रात्री ते जनावर तिथं कसं पडून असेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते आत गेले, दुनळी पुसली, तेल लावलं आणि खुंटीला अडकवली. पुन्हा त्यांनी ती काढली नाही. निवडणूक आली की नियमाप्रमाणं चौकीत जमा करायला भाऊच घेऊन जाई. त्या दिवसानंतर अप्पा मला दाढीला आरसा धरायला बोलवेनात. खिडकीच्या चौकटीला एक खिळा मारून घेतला त्यांनी.

हे सगळं मी त्या दुकानात, मोडक्यातोडक्या नव्हे पण शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं. का सांगितलं, मला ठाऊक नाही. परमुलखात माणूस जरा धीट होतो. शेजाऱ्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुम्ही वडिलांना काही म्हणाला नाहीत?"

मी म्हटलं, "आमच्याकडं चौदा वर्षांचा मुलगा बापाला असं सांगत नसतो."

त्यांनी वळून आपल्या मुलाकडं पाहिलं. तो बाणांच्या मांडणीपाशी उभा राहून किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होता. "आमच्याकडं पंचेचाळीस वर्षांचाही सांगत नाही," ते म्हणाले. मुलाचे कान लाल झाले.

त्यानंतर निवड सोपी झाली असं नाही. दस्त्यातच हँडल बसवलेली क्रॉसबो असते. आपल्या रहाटासारखं फिरवायचं, दोरी हळूहळू मागं येते. पाच-सात किलोंचा जोर, एका हाताचं काम, आणि दोन्ही बाजू आपोआप सारख्या ओढल्या जातात. शेजाऱ्यांना ते हँडल बघवेना. "हे माशाच्या गळाचं चाक आहे," म्हणाले. वर त्याचे तोटेही खरे. दोरी यायला वेळ लागतो, दुसरा बाण झटकन लावता येत नाही; काहींचं दातेरी चाक कटकट वाजतं; मागं वजन वाढतं; आणि किमतीत दोनेकशे डॉलरचा फरक. जुन्या बनावटीत हात सुटला तर हँडल उलटं फिरून बोटं मोडायचं. मी विक्रेत्याला तीनदा विचारून खात्री करून घेतली की यात मधेच हात सोडला तरी ते जागच्या जागी थांबतं. त्यानं दाखवलंही.

मला आवडलेली गोष्ट निराळी होती. दोरीनं ओढलेली क्रॉसबो संध्याकाळी रिकामी करायची तर एक बाण जमिनीत किंवा ठोकळ्यात मारूनच करावी लागते. बाणाशिवाय चाप ओढला तर सगळा जोर धनुष्याच्या भुजांतच मुरतो आणि त्या फुटू शकतात. हँडलाची ही क्रॉसबो मात्र उलट फिरवून, दोरी सावकाश पुढं सोडून शांत करता येत होती. न मारता परत येण्याची सोय.

शेवटी मी शाळेतली युक्ती काढली, प्रात्यक्षिक. विक्रेत्याकडून जाड हिवाळी कोट मागून घेतला. "हा घाला, खुर्चीवर बसा, आणि पाच वेळा ओढा. जंगलात तुम्ही उभे राहून, शर्टात थोडेच ओढणार?" झुडपातल्या तंबूत बसून, थंडीत, आवाज न करता जे जमेल तेच आपलं. दोरीची एकशे सत्तरवाली त्यांनी बसून एकदाही ओढली नाही. रिकिबीत पायच नीट बसेना. हँडलाची दीडशे पौंडांची होती ती पाचदा ओढली, आणि पाचव्या वेळी कॉफी कुठं मिळते म्हणून विचारलं. मग खांद्याला लावून मिनिटभर धरायला सांगितली. ओढीचं वजन सगळे विचारतात, हत्याराचं कुणी विचारत नाही. तीन-साडेतीन किलो, आणि भार सगळा पुढच्या टोकाला. दुर्बिणीतला ठिपका ठोकळ्यावर माशीसारखा फिरू लागला. तेव्हा एक टेकायची काठीही घेतली, दोन पायांची. तिचे पैसे मुलानं न सांगता काउंटरवर ठेवले.

परसात सराव सुरू झाला. पहिले दिवस अंगठा पन्हळीच्या वर येत होता, दोरी सुटताना तिथं अंगठा असला तर तो राहत नाही, म्हणून मी मास्तरासारखा "अंगठा!" असं दर वेळी ओरडायचो आणि बायको स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं हो? वीस यार्डांवर बाण बशीएवढ्या जागेत पडू लागले, तीसवर ताटाएवढ्या. त्यापुढं त्यांनी ठोकळा नेलाच नाही. विक्रेत्यानं साठ यार्डांची भाषा केली होती.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. लेकीनं जावयाचा लॅपटॉप, पान्ह्यांची पेटी, माझं पेन आणि विळी पाटावर मांडून झेंडू वाहिले. शेजारी पाइपचा पाना परत द्यायला आले ते बघतच राहिले. हत्यारांचा दिवस आहे म्हटल्यावर घरी जाऊन क्रॉसबो घेऊन आले. रिकामी, दोरी सैल. बायकोनं दस्त्याला हळदकुंकू लावलं. "दोरीला नको," मी म्हटलं. "कळतं मला," ती म्हणाली. वालाचा वेल खाल्ल्यापासून तिचा हरणांवर राग होता, तरी नमस्कार करताना काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस विचारलं तर म्हणे, जे व्हायचं ते लवकर होऊ दे, दोघांचंही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही निघायच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी शेजारी झाडीतून परतताना दिसले. मी आणि त्यांचा मुलगा त्यांच्या पायरीवर बसलो होतो. थंडी अशी की बोलणं तोंडातून वाफ होऊन बाहेर पडत होतं. क्रॉसबोची दोरी पुढं होती, बाण भात्यात.

"दिसलं नाही?" मुलानं विचारलं.

"दिसलं. मोठा नर. पंचेचाळीस पावलांवर, आडवा उभा. खूप वेळ."

"मग?"

शेजाऱ्यांनी हातमोजा काढला आणि उजवा हात ओसरीच्या दिव्याखाली धरला. आम्ही तिघांनीही त्याकडं पाहिलं.

"थंडी आहे," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले, आणि क्रॉसबो मुलाच्या हातात देऊन बूट काढायला खाली बसले. मुलगा ती धरून तसाच उभा होता. मग तोही त्यांच्या शेजारी टेकला आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.